आधी बापावर

आमच्या घरमालकांना हळू बोलता येत नसे. लग्न होऊन रत्नागिरीच्या त्या घरात मी पहिल्या सकाळी जागी झाले ती त्यांच्या आवाजाने. "द्वारके, मी विहिरीवर चाल्लोय गो! दोन कळशा आणतो नि परत येतो!" कुठेतरी आग लागली असं समजून मी पदर सावरत ओटीवर धावले, तर सासूबाई शांतपणे तांदूळ निवडत बसलेल्या. म्हणाल्या, "काही नाही, ते पाण्याला निघालेत." थोड्या वेळाने विहिरीकडून आरोळी आली, "पोचलो गो!" मग, "पहिली भरली!" मग, "दुसरी भरली, आता निघालो!" माझं माहेर आंजर्ल्याचं. समुद्राशेजारची माणसं मोठ्यानेच बोलतात, पण पाण्याला जाणारा माणूस पावलापावलाला स्वतःची वर्दी देत गेलेला मी कधी पाहिला नव्हता. तासाभराने तेच गृहस्थ परसाकडे निघाले, तेव्हा त्याचीही वर्दी आळीभर झाली, आणि मी तोंडात पदराचा बोळा कोंबून माजघरात पळाले. सन तीसच्या आसपासची ही गोष्ट. मी सतरा वर्षांची होते, आणि एकदा हसू सुटलं की मला ते आवरत नसे.

सगळे त्यांना आबा म्हणत. पूर्वी ते बंदरावर पुकाऱ्याचं काम करायचे. आगबोट लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे. कोणता पडाव सुटला, कुणाचं गाठोडं धक्क्यावर राहिलं, कुणाची म्हातारी अजून पायऱ्यांवरच बसली आहे, हे सगळं ओरडून सांगायचं ते आबांचं काम. आगबोट कंपनीच्या एजंटाने त्यांना पत्र्याचा कर्णा दिला होता. तो त्यांनी आठ दिवसांत परत केला. कर्ण्याने आवाज कमी होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही बिऱ्हाडाला गेलो तोवर ते काम त्यांनी सोडलं होतं. आवाज मात्र त्यांनी घरी आणला होता.

घरात ते आणि द्वारकी, दोघंच. बायको फार पूर्वी गेलेली. द्वारकी त्यांची एकुलती एक लेक, तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेल. ती पडून असे. ताप नाही, खोकला नाही, अंगावर कुठे खूण नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. कधी आठ दिवस, कधी दीड महिना. मग एखाद्या सकाळी उठायची, न्हायची, केस विंचरायची, चार-दोन आठवडे घरात वावरायची, चुलीपुढे बसायची. आणि पुन्हा एक दिवस तिचं अंथरूण गुंडाळलंच जायचं नाही. चौदा-पंधरा वर्षांची असल्यापासून हे असंच होतं. आता डॉक्टर या दुखण्याला नाव देतात. तेव्हा ज्याच्या त्याच्याकडे त्याचं वेगळं नाव होतं. कुणी बाहेरची बाधा म्हणे, कुणी पित्त, कुणी दृष्ट, आणि बायका पाणवठ्यावर सरळ आळस म्हणत.

आबांनी त्याला बंदरावरचं नाव दिलं होतं. पावसाळ्यात आगबोटी बंद होतात आणि नारळी पौर्णिमेनंतर सुरू होतात. तेवढे महिने धक्क्यावर उभं राहून कुणी समुद्राला शिव्या देत नाही, की बोट आळशी आहे असंही म्हणत नाही. म्हणून कुणी विचारलं, "द्वारकी कशी आहे?" की आबा ओटीवरूनच गर्जत, "बोट बंद!" एकदा छपराच्या नळ्यांच्या कामाला आलेल्या गवंड्याने विचारलं, "मग कधी सुरू व्हायची?" आबा म्हणाले, "समुद्राला इचारून सांगतो! तू तुझे नळे बसव!" गवंड्याला वाटलं आबांना मुंबईला जायचं आहे, आणि त्याने बिचाऱ्याने बैलगाडीने कोल्हापूरमार्गे कसं जाता येईल ते अर्धा तास समजावून सांगितलं. आबांनी ते सगळं मन लावून ऐकून घेतलं.

औषध सांगणारे गावात किती होते त्याला गणती नव्हती. आबा कुणालाही नाही म्हणत नसत. कुणी काढा आणला, अंगारा आणला, तेल आणलं की दोन्ही हात पुढे करत. "द्या, देवानु, द्या! पण आमच्याकडं एक रीत हाय. आधी बापावर!" आणि खरोखरच द्वारकीच्या अंगाला काही लागण्याआधी ते आठ दिवस स्वतःवर करून बघत.

एका वैद्याने पित्ताचा काढा दिला. आबांनी तो घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या परसाकडच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्यातही वर्दी चुकवायची नाही! "द्वारके, परत चाल्लोय गो!" "आलो गो!" "नाय, परत चाल्लोय!" आमचे हे शाळेत मास्तर होते, फार कमी बोलणारे. ते त्या दिवशी वह्या तपासता तपासता उठले आणि दार लावून घेऊन भिंतीला डोकं टेकून पोट धरून हसले. लग्नानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. नंतर कुणीतरी डोकं थंड ठेवणारं म्हणून एक काळं तेल दिलं, त्याने आबांचे होते तेवढे केसही गेले. देवळातले, दर्ग्यातले, कुणा साधूचे असे सात ताईत त्यांच्या गळ्यात जमले होते, ते चालताना खुळखुळत. शेजारच्या काकूंनी लाल मिरच्यांची धुरी सांगितली. आबा स्वतः घोंगडं पांघरून धुरीवर बसले आणि थोड्या वेळाने नाकाडोळ्यांतून धारा वाहत बाहेर आले. म्हणाले, "काकू, भूत गेलं! पण जाताना माझे डोळे घेऊन चाललं व्हतं!" धुरी बाद झाली.

मग एक भगत आला. त्याचं म्हणणं, लिंबाच्या डहाळीचे बारा फटके दिले की अंगातलं निघून जाईल. आबा अंगणात मांडी घालून बसले, पाठ उघडी केली. मी आणि सासूबाई खिडकीतून बघत होतो आणि मला नेहमीसारखं हसू येत होतं. पहिला फटका बसला, दुसरा बसला. तिसऱ्याला आबांनी मागे न बघता भगताचं मनगट धरलं. "थांब. ह्या मला लागतंय," ते म्हणाले. "म्हंजे तिला लागंल." मग त्यांनी सदरा घातला, मला हाक मारली, "मास्तरीणबाय, भगताला च्या टाका!" आणि चहा पाजून त्याला वाटेला लावलं. माझं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. आबांच्या पाठीवर दोन लाल वळ उठले होते.

या परीक्षेत पास झालेल्या गोष्टी अगदी थोड्या. एक, सकाळचं ऊन. आबा आठवडाभर पायरीवर उन्हात बसले आणि "ह्यानं काय बिघडत नाय" असा शेरा देऊन त्यांनी द्वारकीच्या खोलीपुढचा आंब्याचा फाटा छाटला, म्हणजे ऊन तिच्या अंथरुणापर्यंत यावं. दुसरं, डोक्याला खोबरेल. तिसरी मी.

झालं असं, की मी फार बोलायची. सासरी येताना आईने बजावलं होतं, तोंडाला कुलूप लाव. ते कुलूप चौथ्या दिवशी निघालं. सासूबाई मला ऐकून दमत. एकदा मी धुणं वाळत घालताना दोरीशी बोलत होते, ते आबांनी ऐकलं. तडक सासूबाईंपुढे जाऊन उभे राहिले. "वयनी, तुमची ही सून दुपारची तासभर आमच्याकडं देता काय? माझी लेक बोलत नाय, नि हिला बोलायला कोण नाय." सासूबाई इतक्या चटकन हो म्हणाल्या की मला राग आला. पण लगेच द्वारकीकडे नाही हं! आधी बापावर! एका दुपारी आबा माझ्यासमोर ओटीवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले, आणि म्हणाले, "कर सुरू." मी पहिल्यांदा बावरले, मग सुरू झाले ते आंजर्ल्यापासून दापोलीपर्यंत गेले. सासूबाईंनी दिवाबत्तीला बोलावलं तेव्हा थांबले. आबांनी डोळे उघडले. "डोसका थोडा दुखतोय," ते म्हणाले, "पण ह्यानं काय बिघडत नाय."

त्यांनी मला एकच अट घातली. द्वारकीला प्रश्न विचारायचा नाही. "तिला जबाब द्यावा लागंल असं काय बोलू नको. नुसतं बोल." तुम्ही करून बघा कधीतरी. प्रश्न न विचारता तासभर बोलणं म्हणजे काय असतं! "बरं वाटतंय का?" नाही. "पाणी हवं का?" नाही. "हो की नाही?" तेसुद्धा नाही. पहिले काही दिवस दर दोन वाक्यांनी मी जीभ चावत होते. द्वारकीची पाठ माझ्याकडे असायची, वेणी अर्धी सुटलेली. तिला माझं बोलणं ऐकू जातंय की नाही तेही कळायचं नाही. मी म्हणायची, आबा, हे भिंतीशी बोलणं झालं. ते म्हणायचे, "दोरीशी बोलत व्हतीस तेव्हा बरं जमत व्हतं!"

एकदा मी तिला माझ्या मावशीच्या म्हशीची गोष्ट सांगत होते. आमच्या आंजर्ल्याला कड्यावर गणपतीचं देऊळ आहे. मावशीची म्हैस एकदा चुकली आणि पायऱ्या चढून थेट देवळाच्या दारात जाऊन उभी राहिली. चढली ती चढली, पण उतरायला तयार होईना. पुजारी ओरडतोय, मावशी खाली रडतेय, लोक शेपटी ओढताहेत, आणि इतक्यात सासूबाईंची हाक आली म्हणून मी उठून गेले. पुढे मी दुसऱ्याच गोष्टी सांगत राहिले. असे वीसएक दिवस गेले असतील. एका दुपारी मी शेवयांबद्दल काहीतरी बोलत होते, तर भिंतीकडून अगदी बसलेला आवाज आला. "म्हस उतरली?"

मला क्षणभर कळेचना कसली म्हैस. म्हैस कशी उतरली ते मी पार विसरून गेले होते. घाईघाईत तोंडाला आलं ते बोलले. "नाही, अजून वरच आहे." द्वारकीचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, रडते की काय. पण ती हसत होती, भिंतीकडे तोंड करूनच. आणि बाहेर परसात धाडकन कळशी पडल्याचा आवाज झाला. त्यापाठोपाठ आबांची आरोळी. "मी काय आयकलं नाय गो! मी परसात हाय! मला हितं काय म्हंजे काय आयकू येत नाय!" मी बाहेर जाऊन बघते तो सांडलेल्या पाण्यात ते एका पायावर गोल गोल नाचत होते, धोतर दोन्ही हातांनी वर धरून, गळ्यातले ताईत खुळखुळताहेत, आणि तोंडाने "मला काय आयकू नाय आलं" चालूच. मीही नाचले. आम्हाला बघून आमची मांजर पळून गेली.

दुसऱ्या दिवशी मी नटूनथटून गेले, आता आमच्या गप्पा रंगणार म्हणून. द्वारकी बोलली नाही. एक शब्दही नाही. मला इतका राग आला की मी आबांजवळ रडले. काल हसली होती, मग आज काय झालं? आबा माडाच्या झावळ्या विणत होते. म्हणाले, "काल हसली ती काल. तिच्याकडं आजचं हसू मागायला जाऊ नको, मास्तरीणबाय. दमते ती." मग पुढची झावळी ओढून घेत म्हणाले, "मीसुद्धा पयले मागत व्हतो."

ते "पयले" म्हणजे काय ते मला सासूबाईंनी सांगितलं. द्वारकीचं सोळाव्या वर्षी लग्न झालं होतं. दोन वर्षं सासरच्यांनी वाट पाहिली आणि मग "हिचं मन लागत नाही" म्हणून परत आणून सोडली. सासरचा एक माणूस तिला घेऊन आगबोटीने आला. ती पडावातून उतरते तो धक्क्यावर ताशेवाले उभे! आबांनी ताशे-सनई सांगून ठेवली होती. सासरच्या माणसाला तोंड कुठे लपवावं कळेना. बंदरापासून घरापर्यंत आबांनी लेकीला वाजतगाजत आणली, स्वतः पुढे ओरडत, "आली गो आली, माझी लेक घरी आली!" आळीतल्या बायका लग्न समजून अक्षता घेऊन बाहेर आल्या. कुणीतरी म्हणालं, आबा, टाकलेल्या पोरीची वरात काढता, लाज नाही वाटत? आबा म्हणाले, "जाताना वाजवली, मग येताना का नाय? ती काय चोरून आली?"

पण ताशे वाजवून दुखणं पळत नाही. पहिल्या पावसाळ्यात आबा तिला उठवायला बघत. ऊठ, हस, बघ मी काय आणलंय, ऊठ. बोटी बंद म्हणून दिवसभर बंदरावरच्या वखारीत काम आणि घरी आले की ऊठ. एका दुपारी ते कामावर असताना द्वारकी घरातून निघाली. पाण्याला आलेल्या बायकांना ती विहिरीच्या काठावर बसलेली दिसली, पाय आत सोडून. त्यांनी बोलत बोलत जवळ जाऊन तिला धरली. नंतर आबांनी विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "घरात कोण हाय काय नाय, मला कळेना झालं." त्या दिवसापासून आबांनी काम सोडलं, तिला ऊठ म्हणायचं सोडलं, आणि आपण कुठे आहोत ते सांगायला लागले. हे ऐकल्यावर मी पुष्कळ रडले, आणि दुसऱ्या दिवशी आबांनी "न्हाणीत चाल्लोय गो!" म्हटलं तेव्हा मला पुन्हा हसू आलंच. दोन्ही खरं आहे.

लोक मला विचारतात, मग द्वारकी बरी झाली का? झाली नाही. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, आणि म्हातारी होईपर्यंत तिची बोट बंद व्हायची आणि सुरू व्हायची. अधल्यामधल्या दिवसांत तिने माझ्या तिन्ही बाळंतपणांत मला डिंकाचे लाडू करून घातले. मला तेवढं सांगायचं आहे, कारण आता जे सांगणार आहे ते ऐकून कुणाला वाटेल की त्या दिवशी सगळं नीट झालं.

आबांचे थोरले भाऊ पूर्णगडाच्या अलीकडे त्यांच्या मूळ गावी असत. सगळे त्यांना दादा म्हणत. दम्याने खंगलेला, सज्जन माणूस. एका माघात ते धापा टाकत आमच्याकडे आले आणि आबांना म्हणाले, "मी काय तिचा वैरी हाय? पण माझ्या दोन पोरी बिनलग्नाच्या हायत. येणारा पावणा पयला इचारतो, तुमच्यात ती पडून असते ती कोण? त्या भगताच्या मठीत वर्षभर ठेव. बरी झाली तर तुझंच भलं." तोच भगत, लिंबाच्या डहाळीवाला. आबा नाही म्हणाले. दादा म्हणाले, "मग देवीला कौल लावू. तिचा शब्द तुलाबी नि मलाबी." त्याला नाही म्हणता येत नव्हतं. ग्रामदेवीने दिलेला कौल सगळ्या वाडीला बांधील. तो मोडून त्या घराला गावात उभं राहता आलं नसतं, आणि दादांच्या पोरींची लग्नं तर कायमची अडली असती.

आबा द्वारकीच्या दारात जाऊन उभे राहिले. दहा दिवस ती उठली नव्हती. त्यांनी तिच्यापासून काही लपवलं नाही, सगळं सांगितलं, अर्थात आळीलाही ते कळलं. "तुला यायचं नसंल तर मी दादाला नाय सांगतो, मग काय व्हायचं ता होऊ दे." भिंतीकडे तोंड करूनच ती म्हणाली, "मास्तरीणबाय येत असंल तर येते."

आम्ही भाट्याची खाडी तरीने उतरलो. होडी पलीकडच्या काठावर होती, ती आबांनी एका हाकेत बोलावली. तरीवाल्याला वाटलं साहेबलोक आलेत. पुढे बैलगाडी. द्वारकी गवतावर आडवी, तिला आभाळाखेरीज काही दिसत नव्हतं, म्हणून आबा गाडीपुढे चालत सगळा रस्ता सांगत होते. "वळण आला गो! डाव्या अंगाला काजूची झाडं हायत! एक बोकड आपल्याकडं बघतोय, त्याला दाढी हाय, दादासारखी!" दादा मागच्या गाडीत होते. खोकत खोकत हसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात पन्नासेक माणसं जमली. कौल कसा लावतात ते सांगते. गुरव देवीच्या मूर्तीला उजव्या नि डाव्या अंगाला एकेक ओली पाकळी चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवीला उद्देशून मोठ्याने सगळी हकीगत सांगून शेवटी प्रश्न विचारायचा. प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय महाराजा!" म्हणतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं घालायचा मान आबांच्याच घराण्याचा. खरा मान दादांचा, पण दम्यामुळे पंचवीस वर्षं तो आबाच चालवत आले होते. म्हणजे लेकीला घराबाहेर पाठवू का, हे त्या बापाच्याच तोंडून विचारलं जाणार होतं. मी द्वारकीला घेऊन बायकांत बसले. ती खांबाला टेकून, डोळे मिटून होती.

आबा उभे राहिले. देवळाच्या नळ्यांवरची कबुतरं आधीच उडून गेली, त्यांना अनुभव होता. "बाये, वाडीच्या राखणदारणी! आज तुझी लेकरं तुझ्या दारात गोळा झालीयत!"

"व्हय महाराजा!"

"खाडीपासून सड्यापर्यंत तू सांभाळतेस!"

"व्हय महाराजा!"

असं छान सुरू झालं. मग आबांनी खाडीतले पडाव घेतले. मग पडावांवरचे खलाशी. मग मुंबईला गिरणीत गेलेले, आफ्रिकेला बोटीवर गेलेले, प्रत्येकाच्या नावाने. मग ज्यांची पत्रं येत नाहीत ते. माणसं खुशीत होती, प्रत्येकाला आपलं नाव ऐकायला मिळत होतं. मग आबा गुरांवर आले. कुणाची गाय गाभण आहे, कुणाचा बैल लंगडतोय. "व्हय महाराजा" जरा बारीक व्हायला लागलं. मूर्तीवरच्या पाकळ्या वाळून आपोआप गळाल्या. गुरवाने दुसऱ्या लावल्या. आबा तोवर फणसांवर पोचले होते. गुरव कंटाळून म्हणाला, "आबानु, फुलं परत सुकली!" आबा म्हणाले, "मग लाव परत! बाये, ह्या गुरवाच्या कमरंला बळ दे!" "व्हय महाराजा!" मला इतकं हसू येत होतं की मी पदर चावत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कारण आता मला कळलं होतं. देवीला सांगण्यासारखं जगात काहीतरी शिल्लक आहे तोवर त्यांना शेवटच्या वाक्यापर्यंत जायचं नव्हतं.

ऊन चांगलंच वर आलं. लोकांचे घसे बसले. शेवटी दादा काठी टेकत उठले. "पुरे कर रे," ते म्हणाले. "मुद्द्याचं इचार."

गुरवाने तिसऱ्यांदा ओल्या पाकळ्या लावल्या. मग आबा बोलले, आणि मी त्यांना पहिल्यांदा हळू बोलताना ऐकलं. मागच्या माणसांना पुढे सरकावं लागलं.

"बाये, लेकीला मठीत पाठवू काय, असं इचारायला मला सांगितलंय. माझ्या तोंडातनं ता येत नाय. ती पडून असते. असू दे. उद्या उठंल म्हणून मी तिला सांभाळत नाय. ती हाय, म्हणून सांभाळतोय. तिला कायकाय दिवशी जीव नकोसा होतो, मला म्हायत हाय. मला तिचं आतलं कळत नाय, बाये, मी भायेर ओरडतो नुसता." त्यांनी धोतराच्या टोकाने तोंड पुसलं. "तर माझं गाऱ्हाणं येवढंच हाय. तिला माझ्या घरात ऱ्हायचं हाय. आजचा दिवस ऱ्हायचं हाय. उद्याचा उद्या बगू."

हे गाऱ्हाणं रीतीला धरून नव्हतं. प्रश्नच नव्हता त्यात. माणसं दादांच्या तोंडाकडे बघत होती, आणि दादा जमिनीकडे बघत होते. "व्हय महाराजा" म्हणायला एकाचाही घसा उघडेना. आबा हात जोडून उभेच होते.

माझ्या शेजारी खांबाला टेकलेली द्वारकी सरळ झाली. गाऱ्हाण्याला जबाब पुरुषांनी द्यायचा असतो, बाईमाणसाने तिथे तोंड उघडलेलं त्या देवळाने कधी ऐकलं नसेल. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते. बसलेल्या, न वापरलेल्या आवाजात ती म्हणाली,

"व्हय महाराजा."

आबा वळले नाहीत. त्यांचे फक्त खांदे खाली आले. गुरवाने मूर्तीकडे पाहिलं. दोन्ही पाकळ्या ओल्याच होत्या आणि लावल्या जागी घट्ट चिकटलेल्या होत्या. त्याने दादांकडे पाहिलं. दादांनी मान डोलावली. मग गुरव पुढे झाला, उजवीकडची, होकाराची पाकळी त्याने स्वतःच्या बोटाने काढून खाली ठेवली, आणि म्हणाला, "कौल झाला."